भवन अजून उभं आहे, ताई

ताई, भवन अजून उभं आहे.

तुला मणिकर्णिकेवर नेताना आम्ही त्याच गल्लीतून गेलो. गंगा चढलेली, खालच्या पायऱ्या पाण्यात, त्यामुळे दुसरी वाटच नव्हती. भवनापाशी आलो तेव्हा खांदेकऱ्यांपैकी कोणीतरी मान वर करून पाहिलं आणि हळूच म्हणाला, "बघा, ही चालली आणि ते उभंच." मला इतका राग आला, की तिरडी खांद्यावर नसती तर तिथेच भांडलो असतो. पण खरं सांगू? मीही वर पाहिलं. नदीच्या अंगाला झुकलेली ती भिंत, तिच्यात मोजमापासाठी तू ठोकलेला पितळी खिळा, बंद दारं, कठड्यावर वानरं. कोणाच्या मनात कसली शंका नाही, अशी निवांत बसली होती वानरं.

हे दुसरं कोणी वाचील म्हणून चार ओळी सांगून टाकतो, तू जरा धीर धर. भवन म्हणजे संकठा घाटाच्या वरच्या अंगाला, काशीतल्या आम्हा मराठी मंडळींनी चालवलेली दगडी इमारत. खाली गणपती बसायचा. मधल्या मजल्यांवर देशातून, म्हणजे महाराष्ट्रातून, आलेले यात्रेकरू उतरायचे. वरच्या मजल्यावर पुराणिककाका आणि काकू राहायचे, भवनाची सगळी व्यवस्था बघत. माझी थोरली बहीण, सुमनताई, मुलींच्या कॉलेजात गणित शिकवायची. तिने एक दिवस सांगितलं, की ही इमारत पडेल, माणसं बाहेर काढा. माणसं बाहेर निघाली. इमारत पडली नाही. त्याला आता पुष्कळ वर्षं झाली, आणि ताई गेल्यावर मंडळी म्हणू लागली की कार्तिकस्नानाला यात्रेकरू येतील, तेव्हा खोल्या उघडून टाकू या. सगळ्यांत पुढे पुराणिककाका. झालं, एवढंच.

तू गेली होतीस काकूंकडे हळदीकुंकवाला आणि परत आलीस ती भेग डोक्यात घेऊन. तो मोठा पूर येऊन गेला त्यानंतरचा चैत्र. काकूंनी देव्हारा जरा पुढे ओढून तुला मागची भिंत दाखवली होती, "सुमन, ही दरार बघ गं, वाढते की मलाच तसं वाटतं?" दुसऱ्या कोणी म्हटलं असतं, गवंडी बोलवा. तू म्हणालीस, "काकू, बघू या वाढते का." आणि पुढच्या रविवारी मला झोपेतून उठवलंस ओळंबा धरायला.

मी धरला. कुरकुरत धरला, पण धरला. आई-बाबा गेल्यावर मला तू वाढवलंस, माझं इंटर तू करून घेतलंस, माझं लग्न तू ठरवलंस आणि स्वतःचं राहून गेलं. तुला नाही म्हणायची सोयच नव्हती मला. वरच्या गच्चीतून दोरी सोडायची, खाली वजन स्थिर होईपर्यंत उभं राहायचं, भिंत दोरीपासून किती सरकली ते तू मोजायचीस. वारा असला की वजन हलायचं आणि तू माझ्यावर ओरडायचीस, जसा काही वारा मीच सोडला होता. त्याशिवाय काचा. भेगेवर आडवी पातळ काचेची पट्टी ठेवायची, दोन्ही टोकं प्लास्टरने चिकटवायची. भेग केसभर जरी रुंदावली तरी काच तडकते. "काच ताणत नाही," तू म्हणायचीस, "म्हणून ती खोटं बोलत नाही."

अडचण एकच होती, आणि ती गंगेने घातली होती. पुराच्या दिवसांत तुझ्या खालच्या खुणा पाण्याखाली जायच्या आणि पाणी ओसरलं की गाळाखाली. म्हणजे भिंत हलायची असेल तर ज्या महिन्यांत हलणार, नेमके तेच महिने तुझ्या हातात कोरे. आठ-नऊ महिने ती साळसूदपणे उभी राहणार आणि तू तेवढंच बघणार. मी तेव्हा कँट स्टेशनवर पूछताछच्या खिडकीत बसायचो. मी म्हणालो, "ताई, आमच्याकडे हे रोजचंच आहे. मागच्या स्टेशनवरून गाडी सुटल्याचं कळतं, मधलं काही कळत नाही, आणि लोक विचारतात कितनी लेट है." तू विचारलंस, "मग तू काय सांगतोस?" मी म्हणालो, "जे तोंडाला येईल ते." तू किती हसली होतीस. त्यानंतर कितीतरी वर्षं, मी घरी आलो की तू विचारायचीस, आज किती जणांचं भविष्य सांगितलंस?

तुझे ते ठिपके आठवतात मला. स्वयंपाकघरातल्या पाटावर आलेखाचा कागद पसरून तू मला समजावून सांगितलं होतंस, कारण मंडळींना समजावण्याआधी मला समजतं का ते तुला बघायचं होतं. मी म्हणजे तुझी परीक्षेची पट्टीच. "हे बघ दिनू, हे माझ्याकडचे ठिपके. एक रेघ अशी जाते." ती रेघ आधी भरभर उतरायची आणि मग हळूहळू आडवी व्हायची, दमलेला माणूस चटईवर टेकतो तशी. इमारत खचते, जमीन दाबली जाते, आणि एक दिवस सगळं स्थिरावतं. "आणि दुसरी रेघ अशी." ती त्याच ठिपक्यांतून जायची, पण पुढे जाऊन एकदम कोसळायची, शेवाळलेल्या पायरीवरून पाय सुटावा तशी. मी विचारलं, "यातली खरी कुठली?" तू म्हणालीस, "दोन्ही माझ्या ठिपक्यांतून जातात. आणखी ठिपके मिळाले तर एक खोटी पडेल." पण काचा शाबूत होत्या. दर वेळी जाऊन बघावं तर काच जशीच्या तशी. म्हणून तू पहिल्या रेघेकडे झुकलीस. काकूंना सांगून आलीस की घाबरू नका, बसेल ती जागेवर. काकूंनी तुला बेसनाचे लाडू दिले होते. मला दोनच मिळाले.

आणि मग त्या मुंग्या.

तीन वर्षांनी, श्रावण संपता संपता, आपण गेलो होतो. देव्हाऱ्यामागे वाकून तू काच बघत होतीस. काचेच्या दोन्ही टोकांना मुंग्यांची रांग लागली होती. प्लास्टरला कधी मुंग्या लागतात? तू बोटाने तो चुना खरवडलास आणि, मी डोळ्यांनी पाहिलंय, जिभेला लावलास. गोड होता.

काकू ओल्या हातांनीच बाहेर आल्या. त्यांच्या चेहऱ्यावर लपवाछपवीचं नावही नव्हतं, उलट कौतुकाची अपेक्षा होती. "अगं, फुटकी काच घरात ठेवतात का? आणि तीही देवाच्या पाठीशी! तुम्हा कॉलेजवाल्यांना कुठलं सुचायला. टुटली की मी दुसरी लावते. तसबिरी मढवणारा तुकडे देतो. चुन्यात गूळ घालते, पक्का बसतो."

"काकू," तू विचारलंस, "किती वेळा लावलीत?"

"मोजली का मी? जब जब टुटली."

तू तिथेच फरशीवर बसलीस. काकूंना वाटलं तुला चक्कर आली, त्या पाणी आणायला धावल्या. घरी परतताना गल्लीत तू एकच वाक्य बोललीस. "दिनू, इतके दिवस मी भिंतीचा नाही, काकूंच्या सौभाग्याचा आलेख काढत होते." मी हसलो. तू हसली नव्हतीस.

दुसरी कोणी असती तर काकूंवर चिडली असती. तू दुसऱ्या दिवशी भिजवलेले वाल सोलायला त्यांच्याकडे गेलीस. वाल सोलता सोलता विचारत राहिलीस, आणि काकूंना सगळं आठवत होतं, फक्त तारखेने नाही. एक काच ऋषिपंचमीला बदलली, नक्की, कारण उपास होता आणि चुना मळताना डोळ्यांपुढे अंधारी आली. एक गौरी जेवल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी. एक बहीण देशातून आली तेव्हा. मग यंदाच्या नागपंचमीला. मग सोमवार सोडून लगेच. तू घरी येऊन पंचांग उघडलंस, तिथींवर ठिपके दिलेस, आणि ठिपके पावसाळ्यांत गर्दी करू लागले, दर पावसाळ्यात आधीपेक्षा जास्त. मी ती रेघ पाहिली. कोणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

आपलं भांडण इथूनच सुरू झालं, आणि ताई, ते अजून मिटलेलं नाही. मी तेव्हाही म्हणालो होतो आणि आजही म्हणतो. माणसाला जवळचं आठवतं आणि लांबचं विसरतं. खिडकीवर येणारा प्रत्येक प्रवासी मला सांगायचा की हल्ली गाड्या फार लेट होतात. दहा वर्षांपूर्वीही हेच सांगायचे. काकूंना यंदाच्या काचा सगळ्या आठवल्या आणि तीन वर्षांपूर्वीच्या विसरल्या, तर ठिपके शेवटाला दाट दिसणारच. त्यात भिंतीचा काय दोष? तू माझ्याकडे बघत राहिलीस. तू माझ्याकडे इतका मान देऊन कधी बघितलं नव्हतंस. म्हणालीस, "हे तू अगदी बरोबर बोललास." मग पंचांग मिटलंस. "पण दिनू, चूक तर होणारच आहे. कुठल्या बाजूला करायची, तेवढंच माझ्या हातात आहे."

मंडळींच्या बैठकीत काकांनी तुला धारेवर धरलं. ते पंचांगाचे पक्के, मोठे वैदिक. म्हणाले, "सुमन, मी ग्रहण घटकापळांवर सांगतो. तू एक भिंत कधी पडेल ते सांग. तिथी नको, महिना सांग." तू म्हणालीस, "काका, तुमच्या सूर्यचंद्राकडे हजारो वर्षं लोक बघत आलेत. या भिंतीकडे मी तीन वर्षं बघतेय, आणि त्यातही अर्धं काकूंना विचारून. येत्या पावसाळ्यात पडेल किंवा त्याच्या पुढच्या चार-पाच पावसाळ्यांत कधीतरी. कदाचित पडणारही नाही. पण आत माणसं असताना मला हे बघत बसायचं नाही." लोक हसले. आमच्या काशीत दर दहा पावलांवर माणूस भविष्य सांगायला बसलेला असतो, आणि त्यातला प्रत्येक जण तुझ्यापेक्षा ठामपणे सांगतो. तरी मंडळींनी ऐकलं. तुझ्या गणितासाठी नाही ऐकलं. तू रडलीस म्हणून ऐकलं. तुला चारचौघांत रडताना कोणी कधी पाहिलं नव्हतं.

सामान हलवायच्या दिवशी काकूंनी देव्हारा स्वतः रिकामा केला. देव टोपलीत घेतले, जिना उतरल्या, आणि खाली आल्यावर तुला म्हणाल्या, "माझ्याच तोंडून काढून घेतलंस आणि मलाच घराबाहेर काढलंस." तू त्यांच्या पाया पडायला वाकलीस तर त्या पाय मागे घेऊन चालू लागल्या. मला ते दृश्य विसरता येत नाही. तुला तर ते मुळीच आलं नसणार. त्या गंगेपासून दूर, लहरताराच्या बाजूला भाड्याच्या खोलीत गेल्या. गंगेचं रोजचं स्नान तुटलं, घाटावरची घंटा ऐकू येईना. दोन-तीन वर्षांत त्या गेल्या. तू भेटायला जायचीस तेव्हा काका दारातूनच सांगायचे की ती झोपली आहे. दर वेळी ती झोपलेलीच असायची.

आणि भवन उभं. एक पावसाळा गेला, दुसरा गेला. गल्लीतले लोक त्याला तुझं नाव घेऊन हसू लागले. भाजीवाला विचारायचा, "का हो बहिनजी, अब्बे नाहीं गिरल?" तू "नाही रे, अजून नाही पडलं," म्हणत हसून कोथिंबीर घ्यायचीस. मी मात्र घरी येऊन तुला छळायचो. म्हणायचो, "इतके दिवस पडली नाही म्हणजे तू चुकलीस, मान्य कर." तू म्हणायचीस, "पडली नाही म्हणजे अजून पडली नाही." मी म्हणायचो, "मग तुला चूक ठरवणार तरी कोण?" एकदा तू म्हणालीस की माणसं गेली, त्यांच्या न्हाणीघराचं इमारतीच्या पायात मुरणारं पाणी थांबलं, टाक्या रिकाम्या झाल्या, म्हणजे मी जिचं भाकीत केलं ती इमारतच आता राहिली नाही. मला ही पळवाट वाटली. खरं सांगायचं तर अजून थोडी वाटते. बघ, तू नाहीस आणि मी एकटाच भांडतोय, आणि उत्तर नाही म्हणून जिंकतोही आहे. असं जिंकायला मला मुळीच आवडत नाही.

एक गोष्ट मात्र मी तुला कधी बोललो नाही. दर पावसाळ्यात तू सकाळी संकठादेवीला जायचीस. बायको म्हणायची, ताई उतारवयात देवभोळ्या झाल्या. मला माहीत होतं तू काय मागत होतीस. तू मागत होतीस की आपण खोटे ठरावं. सगळ्या गावाने तुला खोटं ठरवलं, आणि तूच सगळ्यांहून जास्त मनापासून तेच मागत होतीस. असं भाकीत करणारी माणसं फार नसतात ग. मी तुझा भाऊ होतो याचा मला अभिमान वाटतो, आणि हे वाक्य तोंडाने म्हणायला मला साठ वर्षं पुरली नाहीत.

शेवटच्या आठवड्यात तुला बोलताना दम लागायचा. तरी विचारलंस, "भवनात कोणी राहायला तर जात नाही ना?" काकांनी किल्ली मागून घेतल्याचं मला माहीत होतं. मी म्हणालो, "कोणी जात नाही." तू माझ्याकडे पाहिलंस. तुला माझं खोटं ओळखू येतं, मी पूछताछमध्ये होतो. डोळे मिटून म्हणालीस, "लेट आहे रे, दिनू. रद्द नाही."

काकांचंही मला कळत होतं. काकू गेल्या, मुलगा नाही, आणि वय झालेलं. ते सगळ्यांना एकच सांगत होते, "मी काशीत जन्मलो आणि गंगेकाठी डोळे मिटीन. लहरताराला नाही मरायचं मला." काशीतल्या म्हाताऱ्याला यावर काय सांगणार? आणि जिने सांगितलं असतं ती तू अंथरुणावर.

दहाव्याला अमृतराव घाटावर गेलो. पूर ओसरला होता. पायऱ्यांवर गुडघाभर गाळ, पंपाने पाणी मारून माणसं तो धुवत होती, आणि गुरुजींनी वरची एक पायरी साफ करून पिंड मांडला. पिंडावर दही होतं, मला वाटलं कावळा लगेच येईल. नावेच्या टोकावर एक बसलाही होता. आमच्याकडे बघत होता आणि जागचा हलत नव्हता. तुझा कावळ्यावर विश्वास नव्हता, माझाही फारसा नाही, पण तिथे उभं राहिलं की नजर त्याच्यावरच जाते. मी हात जोडून म्हणालो, ताई, तुझे सगळे कागद नीट ठेवीन. कावळा नाही. तुझ्या तुळशीला पाणी घालीन. नाही. भवनातली मोजमापं मी चालू ठेवीन, वारा असला तरी कुरकुरणार नाही. नाहीच. मला माहीत होतं तुला काय हवंय, पण ते माझ्या हातात नव्हतं.

तेवढ्यात मागून काठीचा आवाज आला. पुराणिककाका गाळातून एकेक पायरी उतरत होते. मी धरायला गेलो तर हात झिडकारला. पिंडासमोर उभे राहिले. दम खात राहिले. मग खणखणीत आवाजात, मंत्र म्हणावा तसे बोलले.

"सुमन, आमची ही खाटेवर गेली. भिंतीखाली नाही गेली. एवढं मला कळायला इतकी वर्षं लागली. मी भवनात राहायला जाणार नाही. किल्ली माझ्याकडे आहे, ती मी कोणाला देणार नाही."

सगळे कावळ्याकडे बघू लागले. मीही बघत होतो. मला वाटलं आता येईलच. तो नावेवरून उठला, एक गिरकी घेतली, आणि पलीकडच्या वाळूकडे निघून गेला.

आम्ही आणखी थांबलो. ऊन चढलं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला शिववला. लोक पाय धुवायला पाण्याकडे वळले. मला फार ओशाळं वाटत होतं, तुझ्यासाठी की काकांसाठी कोण जाणे. मी जवळ जाऊन म्हणालो, "काका, कावळा काही आला नाही."

"न येईना," काका म्हणाले. "मी जात नाही."